निळ्या काठाची चादर

गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५
रुमैथिया, कुवेत

पोचले एकदाची. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले आणि खिडकीची जागा मिळावी म्हणून मुंबईच्या काउंटरवर चक्क भांडले. मिळाली. आधी नुसता समुद्र, मग भाजलेल्या पापडासारखी जमीन, आणि मग एकदम रस्ते, गाड्या, काचेच्या इमारती. बाहेर पडल्यावर अशी झळ लागली की मिरजेचा मे महिना थंड हवेचं ठिकाण वाटावा.

विमानतळावर मुक्ता आणि तिचा नवरा निखिल न्यायला आले होते. मुक्ता माझी मावसबहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मिरजेला आम्ही एकाच हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात नर्स होतो. ती लग्नानंतर इकडे आली, फिंतासला एका क्लिनिकमध्ये लागली आणि तिनेच माझ्यासाठी ही नोकरी शोधली. गाडीतच तिने फॉइलमध्ये गुंडाळलेली धपाटी माझ्या हातात ठेवली. बाई बदललेली नाही, फक्त गॉगल महागाचा झालाय.

काम एका कुवेती कुटुंबात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची नर्स म्हणून घरातच राहायचं. त्यांच्या मुलीचं नाव शरीफा, वय पासष्टच्या पुढे. इथे मालकिणीला ‘मामा’ म्हणायची पद्धत आहे. मला हसू आवरेना, कारण माझा खरा मामा कवठेमहांकाळला ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. या मामा मात्र छान गोऱ्या, हळू बोलणाऱ्या. वडिलांचा मुंबईशी कापडाचा व्यापार होता, त्यामुळे हिंदी अगदी मुंबईची बोलतात.

मला स्वतंत्र खोली आहे, स्वतंत्र एसी आहे आणि दाराला आतून कडी आहे. आई अकरा वर्षं अंथरुणावर होती आणि मार्चमध्ये गेली. मी रडले, पण खरं लिहायचं तर तिच्या तेराव्यानंतर मी सलग दहा तास झोपले. पुन्हा अंथरुणावरचाच पेशंट का घेतलास, असं सगळ्यांनी विचारलं. आईच्या खाटेला मुदत नव्हती, इथल्या कराराला दोन वर्षांची मुदत आहे. ती संपली की जिथे बर्फ पडतो अशा ठिकाणी जायचं आणि कुणाचंही काहीही करायचं नाही.


शनिवार, ६ सप्टेंबर

पेशंट म्हणजे मामांचे वडील; घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, वय सत्त्याण्णव. पंधरा वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून फक्त डोळे आणि डावा हात हलतो. इतक्या वर्षांत एकही बेडसोअर नाही. आधीच्या नर्सेसना मानलं पाहिजे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून खाणं द्यायचं, पाठ चोळायची, चादर बदलायची. चादरी सगळ्या पांढऱ्या आणि त्यांना बोटभर रुंद निळा काठ. मामा त्या खास शिवून घेतात.

पलंगासमोरच्या भिंतीवर एक मोठं जुनं चित्र आहे. बाबांनी तरुणपणी हॉलंडमध्ये घेतलेलं. लांब एक गाव, मधोमध मोठं चर्च, आजूबाजूला लाल कौलं आणि पवनचक्क्या. अलीकडे सगळी सपाट हिरवी शेतं, आणि त्यांत पीक नाही तर पांढऱ्या कापडाचे लांबच लांब पट्टे पसरलेले. पूर्वी तिकडे कापड असं ओल्या गवतावर उन्हात टाकून शुभ्र करत, असं मामांनी सांगितलं. सात बायका कापड अंथरताहेत. तीन माणसं कालव्यातून पाणी ओढताहेत. सगळे अनवाणी. वर अर्ध्याहून अधिक चित्र नुसतं आभाळ. ढग असे की पाहतच राहावं, कारण इथे खिडकीबाहेर ढगाचं नाव नाही. गावावर एका मोठ्या ढगाची सावली पडलीय, शेतांवर ऊन आहे. कृष्णाकाठच्या सपाट रानातून मिरजेच्या दर्ग्याचा घुमट दिसतो ना, तसं ते चर्च दिसतं. मला चित्र फार आवडलं. फक्त अगदी पुढच्या पट्ट्यात कापड नाही, मोकळं गवत आहे. चित्रकार तिथे कंटाळला असावा.

एक गंमत लिहायची राहिली. इथे जाडजूड ड्युटी रजिस्टर आहे, कातडी बांधणीचं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, ड्युटी देणारीची सही, ड्युटी घेणारीची सही. नर्स एकटी मी. म्हणजे सकाळची चारुशीला संध्याकाळच्या चारुशीलेला पेशंट सोपवते आणि दोघीही सही करतात. माझ्या आधीच्या ओळीत ‘सुजाता’ असं नाव आहे आणि ड्युटी दिल्याची तिची सही नाही. समोर कुणी नसताना ड्युटी घ्यायची नसते, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पण मामा पेन धरून उभ्या होत्या. केली सही.


बुधवार, १० सप्टेंबर

सुजाता म्हणे पळून गेली. जुलैमध्ये एके सकाळी खोलीत नव्हती. मामांनी पळाल्याची तक्रार नोंदवली, कागद मला दाखवला. तिच्या आधीचीही अशीच गेली आणि तिच्याही आधीची. असे कागद फायलीत नीट लावून ठेवलेत. माझी तर बाई मानच खाली गेली. दुसऱ्या देशात येऊन पेशंट टाकून पळायचं म्हणजे काय. आमच्या मेट्रनच्या हाताखाली एक महिना काढला असता तर कळलं असतं.

मामा आज गप्पांच्या लहरीत होत्या. नव्वद साली इराकी शिपाई आले तेव्हा घरातलं सामान त्यांनी नळांसकट उचकटून नेलं, हे चित्र तेवढं राहिलं. तिघांनी ते काढायला घेतलं होतं. मामा घरी परतल्या तर चित्र जागेवर आणि खाली शिपायांच्या बुटांचे तीन जोड. हे सांगताना त्या हसल्या. मीही हसले.


शुक्रवार, १२ सप्टेंबर

सुट्टी. दिवसभर फिंतासला मुक्ताकडे. समुद्र दिसतो तिच्या गॅलरीतून. निखिलने भरली वांगी केली होती, इंजिनियर माणूस मसाला काट्यावर तोलून घालतो. त्यांची पाच वर्षांची अक्षदा माझ्याशी इंग्रजीत बोलते आणि मी तिच्याशी मराठीत, दोघींचं उत्तम चालतं. चित्राचं वर्णन केलं तर ते खरं गाव आहे का, असं तिने तीनदा विचारलं.

जेवणानंतर मिरजेच्या आठवणी निघाल्या. आई आजारी असताना मी ड्युटी संपायच्या तासभर आधीच घरी पळायचे आणि माझी सही मुक्ता करायची. तिला यायला उशीर झाला की तिची मी. आमच्यात ठरलेलंच होतं. मेट्रनला कधी पत्ता लागला नाही. मुक्ताने वर्तमानपत्राच्या कडेला डाव्या हाताने झरझर माझी सही करून दाखवली. ‘चा’ला लांब शेपटी, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. माझ्यापेक्षा तिची सुबक. मीही तिची करून दाखवली. अक्षदाने आम्हाला दहापैकी दहा मार्क दिले.

निघताना मुक्ता म्हणाली की ताई, तू आलीस आणि मला माहेर मिळालं. बरं वाटलं. पण टॅक्सीत बसल्यावर वाटलं, हिला समुद्र मिळाला, नवरा मिळाला, लेक मिळाली, आणि वर माहेरही मीच. मला कोण आहे? मन कधीकधी फार कोतं होतं, काय करणार.


सोमवार, १५ सप्टेंबर

आज एक विचित्र गोष्ट पाहिली. बाबांची चादर बदलून झाली आणि सहज चित्राकडे लक्ष गेलं. दुसऱ्या रांगेतल्या एका कापडाला निळा काठ आहे.

चष्मा लावून, टॉर्च घेऊन जवळ गेले. बोटभर रुंद काठ, आपल्याच चादरीचा निळा. अंथरणारी बाई कोपरा तिरका दुमडते आहे. नर्सच तसा कोपरा दुमडतात, घरच्या बायका नाही. तिच्या छातीवर बारीक पिवळा ठिपका आहे आणि त्याला उलटी कडी. नर्सचं टाचायचं घड्याळ.

चित्र साडेतीनशे वर्षं जुनं आहे असं मामा म्हणतात. कुणीतरी नंतर रंग भरला असेल. मी मागे वळले तर बाबा माझ्याकडे बघत होते. एरवी ते चित्राकडेच बघतात.


गुरुवार, १८ सप्टेंबर

बाबांना ताप. छातीत घरघर. डॉक्टर येऊन गेले, औषध बदललं. वय पाहता आता फार दिवस नाहीत, असं मला बाजूला घेऊन म्हणाले. मामांना सांगितलं तर त्यांनी फक्त मान हलवली.

ढगाची सावली हलली आहे. हे मी पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. पहिल्या दिवशी ती गावावर होती. आज गाव उन्हात आहे आणि सावली मधल्या शेतांवर आलीय.

स्वयंपाकी साबीर वीस वर्षं इथे आहे. भटकळचा. तो या खोलीचा उंबरा ओलांडत नाही, ताट बाहेरच्या टेबलावर ठेवतो. आज त्याला सरळच विचारलं. त्याने आधी कानावर हात ठेवले. मग मोबाइलमध्ये सुजाताचा फोटो दाखवला. ईदचा, स्वयंपाकघरातला. छातीवर पिवळं घड्याळ. ती पळाली नाही, असं तो म्हणाला. पळणारी बाई चपला घालून पळते. तिच्या चपला चित्राखाली होत्या. तिच्या आधीच्यांच्याही तिथेच होत्या. सगळ्या त्यानेच कचऱ्यात टाकल्या, मामांच्या सांगण्यावरून. आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी बाबा खडखडीत, काही आठवड्यांनी पुन्हा अंथरुणाला खिळेपर्यंत.

तीन माणसं अनवाणी पाणी ओढताहेत. बुटांचे तीन जोड.


शुक्रवार, १९ सप्टेंबर

फिंतासला जाऊन राहायचं, परत यायचंच नाही, असं ठरवून निघाले. टॅक्सीत पाय गार पडले. एसीमुळे असतील म्हटलं. मुक्ताच्या दारात सँडल काढल्या आणि आत गेले, तर अक्षदा माझ्या मागे बोट दाखवून हसत सुटली. फरशीवर माझ्या पावलांचे ओले ठसे. एका ठशात गवताची हिरवी काडी.

कुवेतमध्ये तीन महिने थेंब पडलेला नाही.

मुक्ताने माझे पाय पुसले, स्वतःच्या टॉवेलने, खाली बसून. रक्तदाब बघितला, साखर बघितली. दमली आहेस ताई, म्हणाली. मी तिला काही सांगितलं नाही. संध्याकाळी मुकाट परत आले. लांब जाऊन काही उपयोग नाही, एवढं कळलं.


रविवार, २१ सप्टेंबर

काल चित्रावर चादर टाकली. दुपारी ती खाली पडलेली, पिळावी इतकी ओली. आज रजिस्टरमधलं माझं पान फाडून जाळलं. अर्ध्या तासाने उघडलं तर पान जागेवर, माझ्या सह्यांसकट.

मामांना जाब विचारायला गेले. वाटलं होतं, त्या नाही म्हणतील. त्यांनी मला बसवलं, स्वतः चहा ओतला. सगळं शांतपणे सांगितलं. बाबांचं मरण जवळ आलं की सावली पुढे सरकते. ती पुढच्या मोकळ्या पट्ट्यावर आली की रजिस्टरमध्ये ड्युटीवर जिचं नाव असेल ती आत जाते. तिथे ती बाबांचा आजार धूत बसते. बाबा उठतात.

“जिसका नाम है, वो जाती है,” मामा म्हणाल्या. “तू ड्यूटी किसी और को दे दे, बस। फिर तू छूट गई, अपने घर जा।”

मग त्यांनी कपाटातून एक ईदचं कार्ड काढलं. शाझिया नावाच्या नर्सचं, कॅनडाहून आलेलं. मागे फोटो, बर्फात उभी असलेली जाडजूड हसरी बाई. तिने चौदा वर्षांपूर्वी दुसऱ्या नर्सला ड्युटी देऊन टाकली. ती दुसरी कधी या घरात आलीसुद्धा नव्हती. शाझियानेच तिची सही केली होती.

“किताब दस्तख़त देखती है, हाथ नहीं देखती।”

मी विचारलं, तुम्हाला काहीच वाटत नाही का. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी वाईट बोलले असावे.

“मेरे बाप हैं,” त्या म्हणाल्या. “तेरी माँ होती तो?”

माझी आई असती तर मी तिला जाऊ दिलं असतं. शेवटची काही वर्षं मी रोज तेच मागत होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. खोलीत आले, कडी लावली, आणि कितीतरी वेळ त्या कार्डावरच्या बर्फाचा विचार करत राहिले. कार्ड मी घेऊन आले आहे. त्यांनी परत मागितलं नाही.


मंगळवार, २३ सप्टेंबर

बाबांचा श्वास मिनिटाला चाळीस. सावली पुढच्या पट्ट्यापासून वीतभर.

मी ओळखीच्या साऱ्या नर्सेसची नावं आठवली. दुष्ट होत्या त्या आधी. कॅन्टीनमध्ये आईबद्दल वाटेल ते बोलणारी, माझी बढती खाणारी. अगदी आनंदाने लिहीन त्यांची नावं. पण सही? सही हुबेहूब पाहिजे.

मला एकीचीच सही येते.

नाही. एवढंच लिहून ठेवते. नाही.


बुधवार, २४ सप्टेंबर
सकाळ

पायातली चप्पल आपोआप निघते. तीनदा घातली. खोलीत ओल्या गवताचा वास. सावलीची कड पट्ट्याला टेकली आहे आणि बाबा माझ्याकडे बघताहेत, हसताहेत का ते कळत नाही, अर्धाच चेहरा हलतो.

अकरा वर्षं. रोज रात्री आईची हाक. अकरा वर्षं मी कुणाची तरी चादर धुतली. आता तिथे किती वर्षं? साडेतीनशे?

मुक्ताला सगळं मिळून झालं आहे. समुद्र, वांगी, लेक, सगळं. मी अजून सुरूही केलेलं नाही.


त्याच सकाळी, सात वाजून दहा मिनिटं

ड्युटी देणार : चारुशीला. सही.
ड्युटी घेणार : मुक्ता. सही.

तिची सही पहिल्यापासूनच सोपी.


गुरुवार, २५ सप्टेंबर

निखिलचा फोन. मुक्ता काल सकाळी सव्वासातला गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तो आतून बोलत होता, तिचं उत्तर आलं नाही. फ्लॅटचं दार आतून बंद. सातवा मजला. खालीही कुणी नाही. चपला गॅलरीत, एकीशेजारी एक. ताई, ती तुमच्याकडे आलीय का?

मी नाही म्हणाले. खरंच तर आहे, माझ्याकडे नाही आली.

बाबांचा ताप उतरला.


शुक्रवार, २६ सप्टेंबर

जावं लागलं फिंतासला. न जाणं बरं दिसलं नसतं. निखिल पोलिसांत जाऊन आला होता. भांडण झालं होतं का, असं विचारलं त्याला. त्याने मला विचारलं, ती तुमच्याशी काही बोलली होती का. मी म्हणाले, थोडी गप्प वाटायची अलीकडे.

का म्हणाले मी असं? आता तो स्वतःलाच दोष देत बसलाय.

अक्षदाला खिचडी भरवली. तिने एकच प्रश्न विचारला, तोही मराठीत. मावशी, आई त्या चित्रातल्या गावाला गेली का?

मी तिच्या तोंडात घास कोंबला.


शनिवार, २७ सप्टेंबर

बाबा उशीला टेकून बसले. खजूर खाल्ला, चहा प्यायले. मामा रडल्या, माझे हात हातात घेतले. करार रद्द, पासपोर्ट परत, सोमवारी दुपारचं मुंबईचं विमान. शब्दाच्या पक्क्या.

सावली पुन्हा गावावर. चित्रात आठ बायका. आठवी अगदी पुढच्या पट्ट्यात, पाठमोरी. कमरेवर उजवा हात. दमली की अशीच उभी राहायची वॉर्डात.

तिच्या हातात चादर नाही. बाकी सगळ्या अंथरताहेत, ती नुसती उभी. आळशी कधीच नव्हती.


रविवार, २८ सप्टेंबर

वळली आहे. चेहरा रंगाच्या तीन ठिपक्यांचा, तरी ओळखला. माझ्याकडे बघत नाहीये. खाली बघतेय, मांडीवर. काहीतरी चपटं, तपकिरी. कातडी बांधणी—

उद्या दुपारी विमान. त्या खोलीत आता जाणार नाही. ड्युटी माझी नाही. मी ड्युटी दिली आहे.


सोमवार, २९ सप्टेंबर
सकाळ

बॅग भरली. साबीर टॅक्सी बघायला खाली गेला. शाझियाचं कार्ड पर्समध्ये घेतलं. बाबांचा निरोप घ्यायला मामांनी बोलावलं, जावंच लागलं. बाबा खुर्चीत बसलेत. डाव्या हाताने मला जवळ या अशी खूण केली.

चित्रात ती लिहिते आहे. मान तिरकी. डाव्या हाताने.

टेबलावर रजिस्टर उघडं. मी उघडलं नव्हतं. माझ्या ओळीखाली नवी ओळ—

ड्युटी देणार : मुक्ता. सही.
ड्युटी घेणार : चारुशीला.

‘चा’ची लांब शेपटी. खाली रेघ. दोन टिंबं. शाई ओली आहे. माझी सही, माझ्यापेक्षा सुबक—

मी नाही केली. मामांना ओरडून सांगितलं, ही माझी नाही, मी केलेली नाही. मामा बाबांची शाल नीट करत होत्या. हाथ नहीं देखती, म्हणाल्या, एवढंच.

बाबांना खोकला आला. साधाच. मग पुन्हा. सावली येतेय— सरकत नाही, धावत येतेय, चर्च, पवनचक्क्या, शेतं— एवढ्या लवकर कशी, आठवडाही नाही झाला—

फोन वाजतोय. मुक्ताचं नाव. मुक्ताच्या नंबरवरून— मागे अक्षदा हसतेय, आई आली म्हणते— मुक्ताचा नुसता श्वास. मग म्हणाली, ताई, माझी ड्युटी संप—

फोन पडला. फरशी गार. फरशी नाही, मऊ— चपला कुठे— साबीर खाली हॉर्न— साबी—

समोर पांढरं. निळा काठ. कोपरा हातात दिलाय कुणीतरी, धर म्हणतेय, ओढून धर, दुमड, अगं अशी नाही, तिर